वाघबकरीची भाषा

कॉलेजात असताना प्रणय आणि मेघा एकदा वेरूळला गेले होते. तिथं दगडी फरशीवर कुणीतरी कोरलेला वाघबकरीचा पट दिसला. वाघांनी बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघांना कोंडायचं. परतीच्या बसमध्येच दोघांनी ठरवलं, हा खेळ कॉम्प्युटरला शिकवायचा. प्रणयनं वाघांचा प्रोग्रॅम लिहिला, मेघानं बकऱ्यांचा. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमना आपसात बोलायला नेमून दिलेली भाषा असते. वाघबकरीला तसलं काही नव्हतं. मग यांनीच थोडक्या शब्दांची भाषा बनवली. बकऱ्यांनी विचारायचं, ‘तयार?’ वाघांनी म्हणायचं, ‘तयार.’ मग एकेक चाल. वेळेत उत्तर आलं नाही, तर समोरचा हरला.

पुढं मेघाला हैदराबादला नोकरी लागली, लग्नही तिकडंच झालं. फोन कमी होत होत थांबले. पण कॉलेजातच लावून ठेवल्याप्रमाणं दर रविवारी सकाळी तिच्या जुन्या लॅपटॉपवरून आपोआप ‘तयार?’ यायचं, आणि इकडं गारखेड्याच्या घरात प्रणय चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसायचा. तीही तिकडं अशीच बसत असणार, असं तो धरून चालला होता. बकऱ्यांनी वाघ कोंडले की उलट त्यालाच बरं वाटायचं. मेघा हसली असेल.

एका रविवारी डाव ऐन रंगात असताना बकऱ्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं पडद्यावर उमटलं : ‘वाघ जिंकले.’ तिला काही झालं तर नसेल, म्हणून प्रणयनं धीर करून फोन लावला.

मेघा म्हणाली, घरात सगळे बरे आहेत. जुना लॅपटॉप सासरे बातम्यांसाठी वापरायचे. आज भंगारवाला आला, म्हणून त्यांनी तो आत्ताच बंद करून देऊन टाकला.

“डाव चालू होता गं,” प्रणय म्हणाला.

“ते अजून चालूच होतं व्हय? मी तर पार विसरले होते रे.”

तिनं काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, गुडघ्यांची चौकशी केली, एकदा ये म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात त्यानं स्वतःच बकऱ्या लिहून पाहिल्या. पण त्यांची प्रत्येक चाल त्याला आधीच कळायची. शेवटी त्यानं ती भाषा नीट मांडून इंटरनेटवर खुली केली, कुणाच्याही बकऱ्या याव्यात म्हणून.

रविवारी तो वेळेवर बसला. कुणी आलं नाही. आतून आईनं, मुक्ताबाईनं, पोहे निवायलेत म्हणून हाक मारली. “आलो,” तो म्हणाला आणि तसाच बसून राहिला.