घटिकापात्राचं भोक

या, अंमळ जवळ सरकून बसा. पंचवटीतल्या एका भोकाची गोष्ट सांगते.

निसारचाचा तांब्याची भांडी घडवायचे. कीर्तनाची वेळ जुन्या रीतीनं मोजावी म्हणून कीर्तनकार वेणूताईंनी त्यांच्याकडून घटिकापात्र करून घेतलं. बुडाला बारीकसं भोक असलेली वाटी ती. पाण्यावर सोडली की बरोबर चोवीस मिनिटांनी भरून बुडणारी. ते भोक नेमकं साधायला चाचांना आठ दिवस लागले.

कीर्तनाला चाचा स्वतः आले, तर वाटी बुडेचना! देवळाचे सेक्रेटरी गर्गेअण्णा भर सभेत म्हणाले, "चाचा, भांडं गळकं दिलंत की! मी बुजवून घेतलं."

लोक हसले. चाचांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गळकं? अहो अण्णा, घटी म्हणजे लहान घडा. तो भरला की तुम्ही म्हणता, घटका भरली. आणि तुमचा तास? तास म्हणजेही मुळात टोले द्यायची धातूची थाळीच. तुमची वेळ आम्ही भांडीवाल्यांनी ठोकून घडवली, आणि वर आम्हालाच हसता?"

बुजवलेलं भोक मोकळं करायला कुणीतरी खिळा पुढे केला. "खिळ्यानं भोक मोठं होईल, घटका खोटी होईल," म्हणत चाचांनी ते पुन्हा नेमकं साधायला वाटी उचलली.

वेणूताईंनी चिपळ्या खाली ठेवल्या. "अण्णा, आधी चाचांची माफी मागा. तोवर मी कीर्तनाला उभी राहायची नाही."

अण्णांनी सगळ्यांदेखत हात जोडले, तेव्हा कुठे टाळ वाजले.

मंडळी, कुणाला "घटकाभर बसा" म्हणाल, तेव्हा आमच्या निसारचाचांची आठवण ठेवा.