एकाच सळीचे तीन फोटो

मी एक मेमरी कार्ड बोलतोय, आणि बोलतोय मेणाच्या एका रिकाम्या डबीतून. आकाराने मी अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, रंगाने काळा. माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही, म्हणून कुणी मला गप्पही करत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माणसाचा हात मला लागला नाही, तेव्हा आईवडील कोण ते विचारू नका. मग बरेच दिवस एका दुकानात बॅटऱ्यांच्या शेजारी खिळ्याला लटकत होतो. माझ्या पाकिटावर 'आयुष्यभराच्या आठवणी' असं छापलं होतं. छापणाऱ्याचं काय जातं! मला आठवत-बिठवत काही नाही. दिलेलं ठेवून घ्यायचं आणि मागितलं की परत द्यायचं, एवढंच माझं काम.

मला विकत घेतलं एका मिस्त्रींनी. हे भिंती बांधणारे मिस्त्री नव्हेत. ते अकॉर्डियन दुरुस्त करतात. गळ्यात अडकवून, भाता ओढत-दाबत वाजवायचं ते वाद्य. उजव्या हाताला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, डाव्या हाताला शंभरावर बटणं. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं कामाचं टेबल.

"नातवंडांचे फोटो काढायचेत," असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. नातवंडांचा एकही फोटो माझ्यात कधी आला नाही. आले ते स्क्रू, पट्ट्या आणि स्प्रिंगा. लेकीने टाकून दिलेल्या कॅमेऱ्यात मला बसवून मिस्त्री उघडलेल्या वाद्याच्या एकेका भागाचा फोटो काढत. पूर्वी सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. हल्ली डोकं दगा देत होतं, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. "आजकाल सगळे असंच करतात," असं ते बायकोला सांगत.

बाई "बरं" म्हणत. त्याच सुमारास त्यांनी विणकाम काढलं होतं. मिस्त्री कामाला बसले की त्या टेबलाच्या पलीकडे निळी लोकर घेऊन बसत.

एक दिवस शाळेतल्या संगीताच्या बाई त्यांचा अकॉर्डियन घेऊन आल्या. तो त्यांच्या वडिलांचा. डावीकडची बटणं अडकत होती आणि शाळेचा कार्यक्रम तोंडावर आला होता. "तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात देववत नाही," असं म्हणून त्या गेल्या.

डावी बाजू म्हणजे या धंद्यातली खरी परीक्षा. प्रत्येक बटणामागे एक बारीक सळी, दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येकीचे वळसे निराळे. ज्या क्रमाने काढल्या, त्याच्या बरोबर उलट क्रमाने बसवायच्या. एक चुकली की पुढची शिरत नाही. पूर्वी मिस्त्री सळ्या भोकांच्या फळीत ओळीने खोचून ठेवत. या वेळी फोटो आहेत या भरवशावर त्यांनी सगळ्या एकाच टबात धुवायला टाकल्या.

आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असतानाच मला बाहेर ओढलं! माझ्या आत फोटोंची यादी असते, ती त्या क्षणी लिहिली जात होती. अर्धं जेवण व्हायच्या आत पुढ्यातलं ताट ओढावं, तसं झालं. घरच्या कॉम्प्युटरला लावल्यावर एकही फोटो दिसेना. पडद्यावर प्रश्न आला, कार्ड पुसून नव्याने तयार करू का? मिस्त्रींचं बोट 'हो'वर गेलं.

"अहो, थांबा!" बाई ओरडल्या. "पुसू का विचारतंय ते. हो कसलं म्हणताय?"

मिस्त्रींनी बोट मागे घेतलं. टबात सळ्यांचा ढीग होता आणि तो परत कसा लावायचा, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मी तर ठार मुका झालो होतो.

बाई मला रुमालात गुंडाळून, मिस्त्रींना बरोबर घेऊन कॉम्प्युटरवाल्याकडे गेल्या. मोठा बोलका माणूस. "काका, घाबरू नका. यादी फाटलीय, माल आतच आहे. फक्त यावर नवीन काही काढू नका, नाहीतर जुन्यावर नवं चढेल." त्याने मला यंत्रात खुपसलं आणि माझा कानाकोपरा उपसायला घेतला. दोघं नवराबायको स्टुलांवर बसून राहिली.

फोटो येऊ लागले. पण एक गोष्ट मिस्त्रींना माहीत नव्हती. माझ्यातून फोटो पुसला, तरी तो लगेच जात नाही. यादीतलं नाव तेवढं जातं, फोटो तिथेच पडून राहतो. त्यामुळे मिस्त्रींनी गुपचूप पुसलेले फोटोही रांगेत येऊन उभे राहिले.

"काका, ही एकच सळी तीनदा आहे," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "हीपण. ही तर चारदा!"

"हात हलला असेल," मिस्त्री म्हणाले.

"छे हो, सगळे स्वच्छ आलेत."

बिचाऱ्याला काय कल्पना! आधीचा फोटो काढल्याचं मिस्त्री विसरत, पुन्हा काढत, मग लक्षात आलं की चोरासारखे जादाचे पुसून टाकत. मिस्त्री जमिनीकडे बघत राहिले. बाईंनी पर्स उघडून उगाच बंद केली.

फोटोंच्या छोट्या प्रती घेऊन दोघं घरी आली आणि त्या टेबलावर मांडल्या. आता इथे घोडं पेंड खाऊ लागलं. फोटो होते, पण क्रम गेला होता. कॅमेऱ्याचं घड्याळ केव्हाच मेलेलं, आणि बॅटरी वाचवायला मिस्त्री दर फोटोनंतर कॅमेरा बंद करत आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, म्हणून प्रत्येक फोटोवर तीच तारीख, तीच वेळ. शिवाय बारीक दिसत नाही म्हणून प्रत्येक फोटो अगदी जवळून काढलेला. एक सळी, तिच्यामागे टेबलाचा थोडासा तुकडा.

"संपलं," मिस्त्री म्हणाले. "संगीताच्या बाईंना सांगतो, दुसरीकडे न्या. आणि हा धंदाही बंद करतो."

बाई फोटोच बघत होत्या. "अहो, हे वर निळं काय दिसतंय?"

"तुझं विणकाम."

"माझी बाही! बघा, इथे चार बोटं आहे. आणि इथे वीतभर."

काखेत कळसा नि गावाला वळसा. जशी बाही वाढली, तसे फोटो लावत गेलं की सळ्यांचा क्रम आपोआप लागत होता. दोघं लहान मुलांसारखी फोटो सरकवू लागली. मग एके ठिकाणी गाडी अडली.

"इथे ही लहान कशी झाली?"

"उसवली होती. ही लोकर कुरळी दिसतेय ना, हे सगळे उसवल्यानंतरचे. पुढे ठेवा."

"आणि इथे परत कशी उसवलीस?"

"टाके चुकले."

"इतके? आणि ही बाही आहे कुणाची? माणसाची का माकडाची?"

बाई हसल्या, मग त्यांचं हसू गेलं. "मला विणता येतं कुठे? शेजारणीकडून सुया मागून आणल्या. नुसती समोर बसले असते, तर तुम्ही हाकललं असतं मला."

मिस्त्रींचा हात थांबला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"किल्ली खिशात असताना कुलूप तोडायला लावलंत, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात? भीती वाटते हो मला. तुम्हाला एकट्यालाच वाटते का?"

मिस्त्री रडले. माझ्यासमोर तोवर कुणी रडलं नव्हतं, आणि मी काही कळवळणाऱ्यातला नाही. पण बाईंनी ते बोलून टाकलं याचं मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढचे दोन दिवस बाई फोटो बघून एकेक सळी हातात देत होत्या आणि मिस्त्री ती बसवत होते. हात काही विसरले नव्हते. सळी बोटांत आली की ती बरोबर आपल्या जागी जाई.

संगीताच्या बाईंनी अकॉर्डियन गळ्यात घातला, डावीकडची बटणं वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिली आणि खूश झाल्या. "आता पुढच्या वर्षी भाता बदलू. तुम्हीच कराल ना?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी विसरतो हल्ली. हिला विचारा."

परक्या माणसासमोर ते हे पहिल्यांदाच बोलले.

"आणा तुम्ही," घरच्या बाई म्हणाल्या. "जमेल तेवढं दोघं मिळून करू."

त्यानंतर मला कॅमेऱ्यात घातलं नाही. एकदा बिघडलेल्यावर भरवसा नको, असं कॉम्प्युटरवाल्याने बजावलं होतं. माझ्या जागी नवं कार्ड आलं, आणि मला ठेवलं वाद्यातल्या सुरांच्या पट्ट्या चिकटवायच्या मेणाच्या या डबीत. तेही पाकिटावर मोठ्या गप्पा मारत आलंय, बघू.

मिस्त्री अधूनमधून डबी उघडतात, मला तळहातावर घेतात आणि विचारतात, "हे कसलं गं?" बाई सगळं सांगतात. काल सांगितलं, परवाही सांगितलं होतं. माकडाच्या बाहीपाशी आलं की मिस्त्री दर वेळी नव्याने हसतात, आणि त्यांचं बघून बाईही. मी हिशेब ठेवणारा, तरी किती वेळा झालं ते ठेवलेलं नाही.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. घरात कुणी तेच पुन्हा विचारलं, तर 'आत्ताच तर सांगितलं' असं म्हणू नका. सांगा परत. बरं, झाकण लावा आता. मिस्त्री येतायत, आणि बाईंना अजून एकदा सांगायचंय.