सहाव्या विहिरीतलं पोतं

आमच्या पाणबुडीला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, आणि त्या नंबरानं तिला कुणी हाक मारत नसे. कील या आमच्या नौदलाच्या बंदरात सगळे तिला शिवणयंत्र म्हणायचे. तिचा आराखडा काढणारा माणूस मला एकदा भेटायला हवा होता. आधी मी त्याच्याशी हात मिळवला असता आणि मग एक सणसणीत ठेवून दिली असती. तोफ नाही, टॉर्पेडो नाही, एकच इंजिन, पाणी कापणारा एकच पंखा, आणि पुढचा सगळा भाग सहा तिरक्या विहिरींनी अडवलेला. आम्ही त्यांना विहिरीच म्हणायचो. डेकपासून तळाच्या पार जाणाऱ्या, दोन्ही तोंडांनी उघड्या लोखंडी नळ्या, माणूस सहज उतरेल एवढ्या रुंद आणि कायम समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या. प्रत्येकीत एकावर एक दोन पाणसुरुंग. आतून खटका ओढला की सुरुंग खाली निसटायचा, तळाशी जाऊन बसायचा आणि आमचं नाक झटक्यानं वर उचललं जायचं. मग टाकीत पाणी घेऊन तोल सांभाळायचा आणि पुढे सरकायचं. कोंबडी अंडी घालत अंगणभर फिरते, तसं आमचं काम.

त्या अंड्यांतून काय निघायचं हे आम्हाला माहीत होतं. मी त्यावर फार विचार करत नसे, आणि केला की झोप यायची नाही. त्याबद्दल एवढंच सांगतो.

विहिरींमुळे आम्हा चौदा जणांना झोपायला जी जागा उरली होती, तीत दोन मांजरं भांडली असती. मी डेकवरचा मुकादम. माझा नियम साधा: ज्याची गरज नाही ते समुद्रात. डेटलेफ आमचा स्वयंपाकी, हाताला गोड आणि तोंडाला फटकळ. त्याची बाजाची पेटी मी स्वतः पाण्यात भिरकावली होती. त्यानंतर महिनाभर माझ्या सारात बटाटा सापडला नाही.

माझं लग्न ठरलं होतं लाबो गावच्या वीब्केशी. खाडीच्या तोंडाशीच तिचं गाव, येता-जाता बोटीवरून तिच्या घराचं छप्पर दिसायचं. लग्न शनिवारी. सोमवारी बोट पूर्वेकडच्या लिबाऊ बंदराला निघणार होती, आणि तिथून परत कधी ते कुणी सांगत नव्हतं. आमच्या ओळखीच्या दोन बोटी त्या वसंतात परत आल्या नव्हत्या.

आता लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या दारात भांडी फोडायची, ही आमच्याकडची रीत. बोलावणं नसतं. ज्याला वाटेल त्यानं यावं, घरातली टवका उडालेली ताटली आणावी, पायरीवर आपटावी. मग नवरा-नवरीनं मिळून खापऱ्या झाडायच्या. जेवढ्या खापऱ्या तेवढं सुख. पण वीब्केचा बाप क्लास गोट्श म्हणजे असा माणूस की फुटलेली कपबशी तारेनं शिवून पुन्हा वापरणारा.

"युद्ध चाललंय," तो म्हणाला, "दुकानात एक ताटली मिळत नाही. माझ्या दारात कुणी भांडं फोडलं तर त्याचं डोकं फोडीन. पुढच्या वर्षी काय तळहातावर जेवायचं?"

वीब्के मला धक्क्यापर्यंत सोडायला आली तेव्हा तिचे डोळे भरले.

"शेतकऱ्याशी लग्न करत असते ना, तर नसती फोडली भांडी," ती म्हणाली. "मी तळाला भोकं असलेल्या बोटीतल्या माणसाशी करतेय. मला खापऱ्या हव्यात, हिन्रिक. ओंजळभर तरी हव्यात."

मी हसण्यावारी नेलं. तिचं म्हणणं मात्र काळजात रुतून बसलं. तिला एवढी एक गोष्ट हवी होती आणि मला ती देता येत नव्हती.

लग्नाआधीच्या शेवटच्या खेपेला आम्ही शत्रूच्या, म्हणजे रशियाच्या, किनाऱ्याकडे गेलो. पाण्याखाली राहून एकेक खटका ओढला. शेवटच्या, सहाव्या विहिरीतल्या वरच्या सुरुंगाच्या वेळी झटका अगदीच मिळमिळीत लागला.

"साहेब, नाक नीट उचललं नाही," मी म्हणालो.

लूडर्स आमचे कप्तान. सव्वीस वर्षांचा पोरगेला माणूस, पण डोकं बर्फासारखं. ते म्हणाले, "नवरदेव, तुमचंच डोकं जड झालंय. खटका पडला ना? मग गेला."

"नाक अजून जड लागतंय."

"काल डेटलेफनं केलेल्या पावानं असेल," इंजिनवाला योखन म्हणाला, आणि सगळे खिदळले. डेटलेफ एकटा हसला नाही. पावाचा राग आला असेल, असं मला वाटलं.

परतीचा सगळा प्रवास लाटा डेकवरून वाहत होत्या, पुढे पाऊल टाकायची सोय नव्हती. शुक्रवारी दुपारी खाडीत शिरलो तर पाणी तुपासारखं शांत आणि ऊन असं पडलेलं की बोटीच्या गंजालासुद्धा लाज वाटावी. बंदराच्या तोंडाचं, शत्रूच्या पाणबुड्या अडवणारं लोखंडी जाळं एका जहाजासाठी उघडायचं होतं, म्हणून पहाऱ्याच्या नावेनं आम्हाला लाबोसमोरच थांबायला सांगितलं. मला तर लॉटरीच लागली. तेवढ्यात किनाऱ्यावरून क्लासची मासेमारीची होडी निघालेली दिसली. सुकाणूवर क्लास, पुढे डोक्याला निळा रुमाल बांधलेली वीब्के, आणि मध्ये पिंपासारखी बसलेली तिची मावशी ट्रीने.

वीब्के हात हलवत होती. मीही लहान पोरासारखे दोन्ही हात हलवले. योखननं मला मागून चिमटा काढला.

होडी आवाजाच्या टप्प्यात आली आणि ट्रीने मावशीनं तोंडाला हाताचा भोंगा केला. तिचा आवाज मुळातच असा की भोंग्याची गरज नव्हती, आणि मागे बसलेल्या क्लासचीही तिला फिकीर नव्हती.

"डेटलेफऽ! मेल्या, माझं सुपाचं भांडं कुठंय? फुगीर पोटाचं, झाकणावर बदक असलेलं! संध्याकाळ व्हायला आली, पोतं काढ की बाहेर!"

"कसलं पोतं?" मी विचारलं.

डेटलेफचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा झाला. "तुला कळायचं नव्हतं," तो पुटपुटला. "नवऱ्याला आधी कळू द्यायचं नसतं. सगळ्या गावानं दिलीत भांडी. क्लासच्या घरात लपवता येईनात, म्हणून मावशीनं आमच्याकडे दिली. आज संध्याकाळी दारात नेऊन ओतणार होतो. आणि बोटीत ठेवली असती तर तू समुद्रात फेकली असतीस. तू फेकतोसच."

"मग ठेवलीत कुठे?"

"सहाव्या विहिरीत," तो म्हणाला. "वरच्या सुरुंगाच्या डोक्यावर. तिथं तू बघत नाहीस. विहिरीच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीला दोर बांधून सोडलं. सुरुंग गेला की पोतं लोंबत राहील, असा हिशेब होता."

मी पुढे धावलो. जाळीची एक झडप उचलली. नवा कोरा जाड दोर पाण्यात गेला होता, आणि जाळीला मारलेली गाठ मी स्वतः डेटलेफला शिकवलेली, मेलं तरी न सुटणारी. मी दोर ओढला. तो हलेना. आणखी जोर लावला. तो लोखंडाच्या सळईसारखा ताठ होता. मी पोटावर पडून पाण्यात डोकावलो.

खाली पोतं होतं. दोर पोत्यावरून पुढे जाऊन सुरुंगाच्या चौकटीत अडकला होता. आणि सुरुंग, जराशा धक्क्यानं स्फोट करणाऱ्या शिंगांसकट, अर्धा आमच्या तळाबाहेर लोंबकळत होता. असाच, रशियापासून इथपर्यंत.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग मी असा ओरडलो की म्हणे किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. काय काय बोललो ते वीब्केनं ऐकलं, आणि तिनं ते मला आयुष्यभर ऐकवलं.

लूडर्स आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि शिटी वाजवली. "धोक्याचं लाल निशाण चढवा. नवरदेव, तुमचं डोकं जड नव्हतं, माझं रिकामं होतं."

पहाऱ्याच्या नावेनं लाल निशाण पाहिलं आणि लगेच हुकूम दिला: बंदरात यायचं नाही. बाहेर खोल पाण्यात नांगर टाका. सुरुंग काढणारी माणसं दुसऱ्या कामावर गेली आहेत, ती सोमवारी सकाळी येतील.

सोमवारी! मी डेकवर मटकन बसलो. सोमवारी तर लिबाऊ. समोर छप्पर दिसत होतं, होडीत वीब्के उभी होती आणि मधलं हातभर पाणी समुद्राएवढं झालं होतं.

"दोर कापू या ना," योखन म्हणाला.

"कापलास तर तो पडेल कुठे?" मी खेकसलो. "आपल्याच बंदराच्या दारात. उद्या आपलंच जहाज वरून जाईल."

"मग वर ओढा," असा एक शांत आवाज आला. क्लास. होडी तो कधीच जवळ घेऊन आला होता. लूडर्स त्याला दूर व्हायला सांगत होते, पण क्लासला काही सांगण्यात अर्थ नसतो. "हातभर वर ओढायचा, तो खटक्यावर बसवायचा. माझ्याकडं जाळं ओढायचा रहाट आहे. हेरिंग मासळीनं भरलेलं जाळं ओढतो तो, तुमचं एक लोखंडी अंडं काय घेऊन बसलात?"

लूडर्सनी पहाऱ्याच्या नावेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आतून खटका पकडायला माणूस लागेल. विहिरीत."

"मी," मी म्हणालो.

"बाकी सगळे मागे जा," ते म्हणाले. "बायका किनाऱ्यावर."

"बायका कुठंही जाणार नाहीत," ट्रीने मावशी म्हणाली. "रहाट फिरवायला क्लासचे दोन हात पुरतात काय? बाळा, मी तुझ्या वयाची असताना डुकरं उचलायची."

कप्तानाला बाळा म्हटलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलं नाही. लूडर्स लाल झाले, मग हसले आणि बाजूला झाले.

मी विहिरीत उतरलो. आमच्याकडचं मे महिन्याचं बर्फगार पाणी, छातीपर्यंत चढलं तेव्हा श्वासच अडकला. पायाला पोतं लागत होतं, आत खापऱ्या कुरकुरत होत्या. वर होडीतला रहाट आमच्या दोराला जोडलेला; त्याच्या एका दांड्यावर क्लास, दुसऱ्यावर मावशी आणि वीब्के. दोर करकरला. सुरुंग अंगुळभर वर आला, थांबला, पुन्हा अंगुळभर. मी श्वास भरून खाली गेलो आणि हातानं खटक्याची लोखंडी जीभ सुरुंगाच्या वाटेतून बाहेर धरून ठेवली. तो गोल थंडगार अंगाचा गोळा माझ्या दंडाला घासून वर सरकला. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, लग्न करायचंय, देवा, एवढंच एक राहिलंय. मग जीभ हातातून निसटून आत बसली. खट्. असा गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वर आलो तर दातावर दात आपटत होते. "बसला," एवढंच म्हणालो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. योखन डेटलेफच्या गळ्यात पडून रडला, आणि वीब्केनं रहाट सोडून, सगळ्या नौदलासमोर, माझ्या ओल्या मिशीचा मुका घेतला.

पहाऱ्याच्या नावेतला माणूस स्वतः येऊन खटका तपासून गेला, वरून लोखंडी पाचर ठोकून गेला, मग आम्हाला आत सोडलं. कीलला बोट बांधून, होडीनं लाबोला पोचेपर्यंत सूर्य कलला होता. क्लासच्या दारात अख्खं गाव जमलेलं, जळक्या धान्याची कॉफी आणि धुरावलेले मासे घेऊन. डेटलेफनं मानानं पोतं पायरीवर ठेवलं आणि उलटं केलं.

आत सगळा चुरा. एकेक ताटली समुद्रातच फुटून गेली होती. तुकडे ओले, खारट. फक्त ट्रीने मावशीचं भांडं, झाकणावरच्या बदकासकट, धडधाकट बाहेर घरंगळलं.

आधीच फुटलेलं फोडायचं कसं? वीब्केचा चेहरा पडला. तेव्हा क्लास घरात गेला. आला तो हातात स्वतःचा कॉफीचा मग घेऊन, तीन ठिकाणी तारेनं शिवलेला. त्यानं तो पायरीवर असा आपटला की तारासुद्धा उडाल्या.

"बघताय काय?" तो गरजला. "घरातल्या ताटल्या आणा!"

मग जो दणदणाट झाला तो तुम्हाला काय सांगू! शेजारणी हात भरभरून भांडी आणत होत्या. लूडर्स कप्तानांनी आपला चिनी मातीचा पाइप फोडला. डेटलेफनं दोन बशा फोडून माझ्याकडे असं पाहिलं की बाजाची पेटी वसूल झाली. सुपाचं भांडं मात्र फुटेना. मी आपटलं, योखननं आपटलं, ते टप्पा खाऊन अंगणात जाऊन बसायचं.

शेवटी वीब्केनं ते उचलून उराशी धरलं. "हे राहू दे," ती म्हणाली. "हे तू परत आलास की फोडायचं."

आम्ही दोघांनी झाडू घेऊन खापऱ्या झाडल्या. टोपल्याच्या टोपल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, आणि क्लासच्या घरी सगळे खरोखरच तळहातावर जेवले. सोमवारी मी गेलो.

युद्ध संपल्यावर मी पायी चालत लाबोला आलो, एका हिवाळ्यातल्या दुपारी, पायात दुसऱ्याचे बूट घालून. वीब्केनं मला पाहिलं. ती धावत आली नाही. ती आत वळली, फळीवरून ते बदकाचं भांडं काढलं आणि पायरीवर उभी राहून माझ्या हातात दिलं.

मी ते आपटलं. त्या दिवशी ते फुटलं.

"झाडू दोन आणते," ती म्हणाली.