यादीत नसलेलं घर

जून महिन्यात इथे परदेशात, आमच्या ट्रुगानिना उपनगरातल्या वसईकरांकडे संत पॉलची मूर्ती मुक्कामाला फिरते. एक घर, एक संध्याकाळ. जपमाळेवरची रोझरी म्हणायची, उकडलेले चणे वाटायचे, दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी. घरांची यादी गेली चार वर्षं मी करते. त्यात कुणी लुडबूड केलेली मला खपत नाही.

रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतानाही पॉल हा माझा हुकमी विषय. त्याचे प्रवास मी नकाशावर बोटाने दाखवते. परक्या गावांत, परक्या धर्माच्या लोकांकडे तो कसा जाऊन राहिला, ते रंगवून सांगते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझ्या यादीत माझ्या सख्ख्या भावाचंच घर नव्हतं.

भावाने, ज्युलियनने, हिंदू शिवांगीशी लग्न केलं, तेही रजिस्टर. मी रागाने गेले नाही, आई मात्र वसईहून आली. दोघं माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. मी यादी करायला घेतली त्या पहिल्याच वर्षी शिवांगीचा फोन आला, "ताई, मूर्ती आमच्याकडे कधी?"

"तुला रोझरी येते का? मग?" मी म्हटलं.

ती हसली. मला वाटलं, विषय मिटला.

यंदा यादीतल्या डेन्झिलची कामावरची शिफ्ट बदलली आणि त्याच्या घरची शनिवारची संध्याकाळ रिकामी पडली. सगळीकडे फोन फिरवले, कुणालाच जमेना. तेव्हा कुठे मला भाऊ आठवला. मूर्ती गाडीत सीटबेल्ट लावून बसवली आणि मी उपकार करायला निघाले.

दार उघडलं तर हॉलभर खोके.

"पार दुसऱ्या राज्यात, वॉलॉंगॉंगला चाललोय," ज्युलियन म्हणाला. "शिवांगीला तिथल्या हॉस्पिटलमध्ये जॉब मिळालाय. मंगळवारी ट्रक येतोय."

"आणि हे मला आत्ता सांगतोस?"

"मूर्ती घेऊन येशील तेव्हा सांगू, म्हटलं. दर वर्षी वाटायचं, यंदा येशील."

शिवांगीने मूर्ती माझ्या हातून घेतली. टेबल आधीच विकलं होतं. तिने एका खोक्यावर पांढरं कापड अंथरलं. त्यावरचं भरतकाम आईचं होतं, मी लगेच ओळखलं. कापड कोरं करकरीत होतं, कधी वापरलेलंच नव्हतं.

मेणबत्ती लावून तिने रोझरी सुरू केली. मराठीत, तोंडपाठ. रोझरीच्या पाच टप्प्यांपैकी चौथ्या रहस्याला मीच अडखळले, ती नाही.

"कुणी शिकवली तुला?" शेवटी मी विचारलं.

"ज्युलियनने. तुम्हाला फोन केला होता ना, त्याच आठवड्यात. म्हटलं, ताईंनी परत विचारलं तर यायला हवी."

मी परत कधी विचारलंच नाही. चार वर्षं ती तयार होती, आणि मी तिला एकच संध्याकाळ दिली, तीही डेन्झिलची उरलेली.