नुकसान : किरकोळ

सोजराबाई चहा ठेवायला आत गेल्या, तेवढ्यात शेखरनं त्यांच्या कम्प्युटरवरचा ढालीच्या चित्राचा प्रोग्राम काढून टाकला. कम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, कोपऱ्यात ढाल दिसत नाही याची खात्री करून घेतली आणि मगच त्यांनी टाइप केलेली फाईल उघडली. एकशे ऐंशी पानं होती. आता सगळी चौकोनांनी भरली होती. मधेच एखादा ‘क’, एखादा सुटा काना.

“माह्याच हातून काई दबलं असन,” कप ठेवत सोजराबाई म्हणाल्या. “मी सेव्ह कराले गेली आन् ते आपोआप बंद झालं. मंग उघडलं तं हे असं.”

शेखरनं कपाकडे पाहिलं.

“होतं असं कधीकधी,” तो म्हणाला.

सोजराबाई एकतीस वर्षं नर्स होत्या. आधी वडनेर भोलजीला, मग धाडच्या आसपासच्या गावांत. हातून झालेलं प्रत्येक बाळंतपण त्यांनी स्वतःच्या डायरीत टिपून ठेवलं होतं. बाईचं नाव, गाव, वेळ, बाळ रडलं की नाही. निवृत्तीनंतर डायऱ्यांना वाळवी लागली, तेव्हा शेजारच्या शेखरनंच त्यांना एक जुना कम्प्युटर आणून दिला, मराठी टाइप करायला शिकवलं. दोन बोटांनी त्या दोन वर्षं टाइप करत होत्या. टाइप झालं की वाळवीनं खाल्लेलं पान चुलीत जायचं. “कम्प्युटरमध्ये गेलं की काळजी नाही,” हेही शेखरच म्हणाला होता.

शेखर शाळेत गणित शिकवायचा. त्याची खरी ओढ वेगळीकडेच होती. परदेशातली एक लहानशी कंपनी घरगुती कम्प्युटरसाठी संरक्षक प्रोग्राम तयार करत होती. एखाद्या फायलीतून किंवा वेबसाइटवरून आलेला घुसखोर दुसऱ्या प्रोग्रामच्या फटीतून आत शिरू लागला, की त्याला तिथल्या तिथे अडवायचं आणि तो प्रोग्रामच बंद करायचा, हे त्याचं काम. बाजारात येण्याआधी ठिकठिकाणचे हौशी लोक तो आपापल्या घरी वापरून पाहायचे आणि चुका कळवायचे. धाडचा शेखर त्यांतला एक. शाळेत त्याला पोषण आहाराच्या तांदळाबद्दल विचारलं जायचं. कंपनीत मात्र त्याच्या अहवालाची वाट पाहिली जायची.

कंपनीला या वेळी जुन्या, मंद कम्प्युटरवरची चाचणी हवी होती. शेखरला सोजराबाईंचा आठवला. “व्हायरस येणार नाही, सिस्टर,” ढालीचा तो प्रोग्राम टाकताना एवढंच तो म्हणाला. प्रोग्राम अजून कच्चा आहे, हे सांगितलं नाही. आधी सगळ्या फायलींची प्रत काढून ठेवा, हा नियम कंपनीनं ठळक अक्षरांत लिहिला होता. ते रविवारी करू, म्हणून राहिलं.

फाईल परत मिळते का, म्हणून तो हार्ड डिस्क घेऊन बुलढाण्याला जाऊन आला. मिळाली नाही. घरी त्यानं प्रोग्रामच्या डिस्कवर उरलेल्या नोंदी उघडल्या आणि खुर्चीत पुढे सरकून बसला. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरलाच घुसखोर समजून प्रोग्रामनं फाईल सेव्ह होत असतानाच वर्ड बंद पाडलं होतं. ही चूक अजून कुणालाच सापडली नव्हती. तासभरात त्यानं नेटका अहवाल लिहिला. शेवटी एक रकाना होता : वापरणाऱ्याचं नुकसान. किरकोळ, मध्यम, गंभीर. गंभीर म्हटलं, तर प्रत का नव्हती, असं विचारलं गेलं असतं. त्यानं ‘किरकोळ’ निवडलं.

चार दिवसांनी नवी आवृत्ती आली. आभाराच्या यादीत त्याचं नाव सगळ्यांत वर होतं. असं काही आलं की तो अनुपमाला, बायकोला, हाक मारून दाखवायचा. या वेळी त्यानं ती यादी बंद केली.

बाजाराच्या दिवशी तो भाजी घ्यायला गेला, तर वांगी विकणाऱ्या गोजरबाईसमोर सोजराबाई बसलेल्या. मांडीवर कोरी वही.

“तुहा थोरला कवा झाला होता वं? सकाळी का दुपारी?”

गोजरबाई हसली. “तुमीच तं होत्या, सिस्टर. मले काऊन इचारता?”

“लिवलेलं सारं गेलं माहं. तो कम्प्युटर काई मले जमला नाई. या वयात कायले हात लावला त्याले, असं वाटते.”

शेखर मागे मेथीची जुडी घेऊन उभा होता. ती त्यानं परत ढिगावर ठेवली.

दिवस कलताना तो त्यांच्या घरी गेला. सोजराबाई ताटात गहू निवडत होत्या. तो बसला नाही.

“सिस्टर, तुमच्या हातून काही झालं नाही,” तो म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं. चाचणीचा प्रोग्राम, राहून गेलेली प्रत. त्या चहा ठेवायला आत गेल्या होत्या तेव्हा त्यानं काय केलं, तेही.

सोजराबाईंचा हात थांबला नाही. ताटातला गहू निवडून झाल्यावर त्यांनी विचारलं, “कंपनीले कळवलं?”

“हो.”

“काय लिवलं, वाचून दाखवा.”

मोबाइलवर अहवाल उघडून तो एकेका ओळीचं मराठी करून सांगत गेला. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज खाली गेला.

“काय म्हटलं?”

“किरकोळ.”

बाहेरून एक जीप हॉर्न वाजवत गेली. सोजराबाईंनी ताट बाजूला ठेवलं.

“बदलता येते का ते?”

“नाही. चूक दुरुस्त झाली, म्हणून त्यांनी ती तक्रार बंद केली.”

“जे जिते हायेत, त्याईचं इचारून लिवता येते,” त्या म्हणाल्या. “बजारात भेटतेच कोणी ना कोणी. जे गेले, त्याईच्या मायले मी काय इचारू?”

“सरकारी रजिस्टरात असेल ना...”

“बारसं व्हयाच्या आधीच गेले ते, सर. त्याईले कोण लिवून ठेवते?”

त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली. “तुमचं अक्षर चांगलं हाय. बसा.”

शेखर जमिनीवर बसला. सोजराबाईंनी डोळे मिटले.

“वडनेर. पोरगी. आखाजीच्या सणाच्या आदल्या दिवशी. दोन घंटे जगली. मूठ काई उघडली नाई तिनं.”

तो लिहीत गेला. “आणि आईचं नाव?”

“होतं ना. चांगलं मोठं नाव होतं.” त्यांचे ओठ दोनदा हलले. “बापाचं नाव तुळशीराम. तो भाईर ओट्यावर बसून होता. तिचं...”

त्यांनी डोळे उघडले, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

“नाई येऊन राह्यलं.”

शेखरनं आईच्या नावाची जागा मोकळी सोडली. किती सोडावी, ते त्याला कळेना.

“पुढचं लिवा,” सोजराबाई म्हणाल्या.