तुम्हीच चोळलंत ना?

“म्हणजे तुम्ही ते हाताने चोळलंत. बरोबर ना, आजी?”

औषध कंपनीचा माणूस हे पुन्हा पुन्हा विचारत होता, तेही तोंडात साखर घोळवत. टेबलावर त्याचा मोबाइल बोलणं टिपून घेत होता. आईने मान डोलावली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. हाडांत पसरलेल्या आजाराने ते रात्रंदिवस विव्हळायचे, म्हणून डॉक्टरांनी पाठीवर चिकटवायच्या पट्ट्या दिल्या होत्या. अफूच्या जातीचं कडक औषध, पट्टीच्या पोटातून कातडीत हळूहळू झिरपणारं. पण त्या दिवशीच्या पट्टीची कडच सुटलेली होती. आईने ती चिकटवली आणि बाजूने चिकट, पारदर्शक ओघळ आला.

दुसऱ्या कुणी तो फडक्याने पुसला असता. पण माझी आई म्हणजे टूथपेस्टची नळी कात्रीने कापून आतून निपटणारी बाई. कारखान्याच्या कँटीनमध्ये मोठमोठी पातेली निपटण्यात तिचा जन्म गेला. औषध वाया कसं जाऊ द्यायचं? तिने तो ओघळ बोटांवर घेतला आणि बाबांच्या पाठीला चोळला. मोठ्या मायेने, पार कमरेपर्यंत.

बाबांना झोप लागली. किती दिवसांनी! आईने रेडिओ बंद केला, शेजारणीला दारातूनच परत पाठवलं. मी कामावरून फोन केला तर कुजबुजली, “गाढ झोपलेत गं. घोरतायत सुद्धा. उठवत नाही मी.” तिलाही गुंगी आली होती. तिला वाटलं, जागरणाची. खुर्चीतच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा घोरणं थांबलं होतं.

“पाकिटावर लिहिलेलं असतं, ताई,” तो माणूस मला म्हणाला. “बाहेर आलेलं औषध कातडीला लागू द्यायचं नाही. सगळं एकदम अंगात भिनतं.”

“आणि पट्टी फुटकी निघेल, तेही लिहिलंय का?”

“तसं अजून सिद्ध...”

“कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला तुमच्याच ऑफिसातून फोन आला. त्या लॉटच्या पट्ट्या परत पाठवा, कडा सुटतायत म्हणून. बाबांना पोचवून आलो त्याच दिवशी! आधी माहीत होतं ना तुम्हाला?”

तो चष्मा पुसायला लागला. “ते काम दुसरं खातं बघतं.”

चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या होत्या. हे महाशय बोंबही गोड आवाजात मारत होते.

“पट्टी धड असती तर आईने काय चोळलं असतं हो? नुसता तळहात?” मी ओरडले.

“अगं, हळू,” आई म्हणाली. “त्यांना कशाला बोलतेस? मी चोळलं ते खरंच आहे. खोटं कशाला सांगू?”

त्याला तेवढंच हवं होतं. मोबाइल खिशात घालून तो उठला, ‘काळजी घ्या, आजी’ म्हणाला आणि चपळाईने जिना उतरला. त्याच्या कानाखाली दोन वाजवाव्यात असं मला वाटलं. अजूनही वाटतं. जन्मभर खरं बोलल्याचं हे बक्षीस! कंपनी हात झटकून मोकळी, आणि नवऱ्याला मारणारी ठरली माझी आई, तीही स्वतःच्याच तोंडाने.

दार लावून मी जमिनीवर बसले. डोकं फुटायची वेळ आली होती.

“आई, तू नाही मारलंस त्यांना. त्या पट्टीने मारलं. ऐकतेयस ना?”

“हो गं,” ती म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. “डोकं दुखतंय का? थांब, बाम लावते.”

तिने बाटली आणली, माझ्याजवळ बसून झाकण काढलं, बोट आत घालायला गेली आणि थांबली. मग बाटली माझ्यापुढे सरकवली.

“तूच लाव,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसून राहिली.