बर्टाचे सुळे

"चार दिवस उपाशी ठेवल्या म्हणे! चार दिवस!"

हुल्डा ग्रोटेनं वर्तमानपत्र टेबलावर असं आपटलं की कप बशीत नाचला आणि कॉफी मेणकापडावर सांडली. तिची भाची मार्लीस फडकं घेऊन धावली. गुरुवारी सकाळचे सात वाजले होते, मावशीचं वय एकोणऐंशी, आणि रक्तदाबाची गोळी अजून घ्यायची होती.

"कोणाला उपाशी ठेवलं, मावशी?"

"माझ्या शेळ्यांना! तूच वाच. मला पुन्हा वाचवत नाही."

मार्लीसनं वाचलं. गावातलं बंद पडलेलं थिएटर दुरुस्त होऊन उघडलं होतं आणि शनिवारी दुपारी तिथे 'कळपाची तहान' दाखवणार होते. बहात्तर साली, टेक्ससच्या याच टेकड्यांत, याच गावात काढलेला भुताटकीचा सिनेमा. रक्त पिणाऱ्या शेळ्या येतात आणि अख्खं गाव फस्त करतात. त्या काळी तो आठवडाभरसुद्धा चालला नव्हता. आता चाळीस वर्षांनी शहरातल्या पोरांना त्याचं वेड लागलं होतं. दिग्दर्शक लायल प्रुइट डॅलसहून स्वतः येणार होता, आणि पहिल्याच पानावर त्याची मुलाखत होती. शेळ्यांच्या डोळ्यांत ती भयंकर भूक आणलीत कुठून, असं विचारल्यावर साहेब म्हणाले होते, 'सोपं होतं. चार दिवस त्यांना खायलाच दिलं नाही. शेळ्या पाळणारं जोडपं रडलं, पण शेवटी तयार झालं.'

"जोडपं म्हणजे..."

"मी आणि तुझा काका! दुसरं कोण? अर्विन रडला म्हणे! अगं, त्या माणसानं स्वतःचं जेवण ताटात गार होऊ दिलं असेल, पण शेळ्यांचा चारा कधी पाच मिनिटं उशिरा टाकला नाही. आणि आता तो वर गेल्यावर हा मेला त्याच्या नावानं वाट्टेल ते बरळतोय!"

मार्लीस काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. काउंटीच्या जत्रेच्या समितीचा अध्यक्ष डॅरिल ओल्फर्स. सिनेमाच्या पुढच्या शनिवारी जत्रा होती, आणि जत्रेत मुलं आपापल्या शेळ्या घेऊन रिंगणात उतरत, तेव्हा त्या शेळ्या पारखायचं काम पंचेचाळीस वर्षं हुल्डाकडे होतं. या डॅरिललाच नऊ वर्षांचा असताना तिनं पहिल्या नंबराची निळी फीत लावली होती.

"मिस हुल्डा, मनाला लावून घेऊ नका, पण काल संध्याकाळी पेपर आल्यापासून पालकांचे फोन येताहेत."

"कोणाकोणाचे?"

"आहेत तीन-चार जण. मुलांसमोर कसं दिसेल, असं त्यांचं म्हणणं. तर यंदा तुम्ही जरा विश्रांती घ्या."

"मी मागितली होती का तुझ्याकडे विश्रांती?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? तुला वाटतं मी शेळ्या उपाशी मारल्या?"

'छे, काहीतरीच काय' एवढंसुद्धा डॅरिलच्या तोंडून निघालं नाही, आणि हुल्डाच्या जिव्हारी लागलं ते हेच. तिनं फोन ठेवून दिला.

आता सांगा, हे ऐकून कोणाच्या तळपायाची आग मस्तकात जाणार नाही? जिनं बर्फ पडलेल्या फेब्रुवारीत नुकती जन्मलेली करडं स्वयंपाकघरात आणून स्वतःच्या रजईत गुंडाळली, जिच्या अंगाचा शेळ्यांचा वास चर्चमध्येसुद्धा गेला नाही, त्या बाईला हे ऐकायचं! पंचेचाळीस वर्षं जिच्या शब्दावर लोकांनी शेळ्या घेतल्या-विकल्या, तिची किंमत एका थापाड्याच्या चार ओळींनी धुळीला मिळाली.

खरं काय घडलं होतं ते हुल्डाला कालच्यासारखं आठवत होतं. लायल प्रुइट तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पायात चकचकीत बूट, आणि शेळी त्यानं आयुष्यात फक्त चित्रात पाहिलेली. पहिल्याच दिवशी त्यानं कळपाची म्होरकी बर्टा हिचं तोंड उघडून पाहिलं आणि किंचाळला, "हिचे वरचे दात पडलेत! ही आजारी आहे!" शेळीला वर पुढचे दात नसतातच, हे अर्विननं त्याला समजावून सांगितलं. पण मग रक्तपिपासू शेळी चावणार कशानं? अर्विननं मेणबत्त्या वितळवून सुळे केले. बर्टानं ते खाल्ले. पुन्हा केले, पुन्हा खाल्ले. अकरा जोड पोटात गेल्यावर त्यानं कपड्यांच्या लाकडी चिमट्यांचे सुळे तासले, पांढरे रंगवले आणि मासे धरायच्या बारीक दोरीनं जबड्याला बांधले. तेवढे मात्र टिकले.

आणि मानेला चावणं? ते मिठाचं काम. नटीच्या गळ्याला मिठाचं पाणी चोपडायचं, वर काकवीत कालवलेला बिटाचा रस. शेळ्या अशा तुटून पडायच्या की नटी गुदगुल्यांनी हसायची आणि लायल ओरडायचा, "हसू नकोस, तू मरतेयस!" शेळ्यांनी त्या तीन आठवड्यांत इतकी काकवी चाटली की त्यांची पोटं ढोलासारखी झाली. उपाशी म्हणे! डोंबल उपाशी!

शेवटच्या दृश्यात बर्टानं मरून पडायचं होतं. ती आडवी होईना. तेव्हा अर्विन तिच्यामागे धुळीत पालथा पडला आणि दोन तास तिच्या खांद्यामागे खाजवत राहिला, तेव्हा कुठे बाईसाहेब मेल्या. संध्याकाळी त्याच्या शर्टातले कुसळाचे काटे हुल्डानं एकेक करून काढले.

"शनिवारी मला थिएटरात घेऊन चल," ती मार्लीसला म्हणाली.

"मावशी, तिथे तमाशा करू नकोस हं."

"तमाशा त्यानं मांडलाय. मी फक्त बघायला जातेय."

शनिवारी दुपारी दोनला थिएटर खचाखच भरलं. पुढच्या रांगांत शहरातून आलेली पोरं, कित्येकांनी प्लास्टिकचे सुळे लावलेले. मागे गावची मंडळी, टोप्या मांडीवर घेऊन. डॅरिल ओल्फर्स बायकोमुलांसह मधल्या रांगेत होता. हुल्डाला पाहून त्यानं मक्याच्या लाह्यांच्या पुड्यात तोंड खुपसलं. हुल्डा बरोबर त्याच्या मागे जाऊन बसली.

लायल प्रुइट पडद्यासमोर आला. केस पांढरे झाले होते, बूट अजून चकचकीत होते. टाळ्या पडल्या तसा त्याला चेव आला.

"लोक विचारतात, त्या शेळ्यांच्या डोळ्यांत ती भूक कुठून आली? मित्रहो, ती खरी भूक होती! पाच दिवस! पाच दिवस त्यांच्या पोटात गवताची काडी नव्हती. एक तर बिचारी गेली."

पुढच्या रांगा 'अरे बापरे' करून हसल्या. गुरुवारी चार दिवस होते, शनिवारी पाच झाले आणि एक शेळी मेलीसुद्धा!

"खोटं आहे!" हुल्डा उभी राहिली. "साफ खोटं! एकही शेळी मेली नाही, आणि एकही उपाशी नव्हती!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. लायलनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि तोंडभर हसला.

"मिस हुल्डा! अहो, किती वर्षांनी! टाळ्या वाजवा मंडळी, याच त्या. यांचं फार प्रेम होतं हो शेळ्यांवर. एवढ्या वर्षांनी ती गोष्ट कबूल करणं किती जड जात असेल, मी समजू शकतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी! जणू ती गुन्हा कबूल करायलाच उठली होती. मार्लीसनं तिची बाही ओढली. "चल मावशी, घरी जाऊ."

"मुळीच नाही. लाव म्हणावं सिनेमा."

अंधार झाला. सिनेमा होता तसाच होता, भिकार. वटवाघूळ दोरीला लटकत होतं आणि दोरी दिसत होती. शेरीफ दर वाक्याआधी कॅमेऱ्याकडे बघत होता. पोरं खिदळत होती. हुल्डा मात्र डोळ्यांत तेल घालून बसली होती.

मग चर्चच्या पायऱ्यांचं दृश्य आलं. घंटेचे टोल. धूर. धुरातून बर्टा पुढे आली, डोळ्यांवर लाल उजेड, जबड्याला अर्विननं तासलेले सुळे. ती थांबली आणि सरळ लोकांकडे पाहू लागली. आणि तिचा खालचा जबडा हलू लागला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश. सुळेसुद्धा सोबत डुलत होते. मग जबडा थांबला, घास गळ्यातून खाली गेला, क्षणभरानं नवा गोळा गळ्यातून वर आला आणि जबडा पुन्हा सुरू झाला.

"थांबव!" हुल्डा ओरडली. "एल्रॉय, थांबव तो सिनेमा! दिवे लाव!"

मशीन चालवणारा एल्रॉय गावचाच. शाळेत असताना दोन वर्षं त्यानं हुल्डाच्या गोठ्यात शेण काढलं होतं. त्यानं लगेच थांबवलं.

"डॅरिल, उभा राहा."

"मिस हुल्डा, आत्ता कशाला..."

"उभा राहा म्हणते ना!"

त्रेपन्न वर्षांचा डॅरिल ओल्फर्स, समितीचा अध्यक्ष, मांडीवरच्या लाह्या सांडत उभा राहिला.

"आत्ता पडद्यावर माझी बर्टा काय करत होती?"

डॅरिलनं घसा खाकरला. "रवंथ."

"मोठ्यानं सांग. पुढच्यांना ऐकू जाऊ दे."

"रवंथ करत होती."

"शेळी रवंथ कधी करते? मी तुला नऊ वर्षांचा असताना शिकवलंय."

"पोट भरलेलं असलं... आणि जिवाला भीती नसली, की."

"आणि पाच दिवसांची उपाशी शेळी?"

"नाही करत." डॅरिलनं टोपी काढली. "रवंथ करायला पोटात काही लागतं."

"आणि चारा जिथे साठतो ती तिची डावी कूस कशी दिसली तुला? खपाटीला गेलेली?"

"नाही, मिस हुल्डा. टम्म होती."

मागच्या रांगांत आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, आणि मग अख्खी मागची बाजू हसत सुटली. चाळीस वर्षांत हा सिनेमा कित्येकांनी पाहिला होता, पण सगळे सुळे बघत होते, जबडा कोणी पाहिलाच नव्हता. म्हातारा क्रिस्टियान टोपी मांडीवर आपटत म्हणाला, "अहो दिग्दर्शक, तुमची हडळ जेवून ढेकर देतेय की!"

लायल लाल झाला. "अहो, ही करमणूक आहे! धष्टपुष्ट शेळ्या बघायला कोण येणार? लोकांना गोष्ट लागते."

"मग स्वतःची सांगा ना!" हुल्डा कडाडली. "स्वतःला उपाशी ठेवा, स्वतःला रडवा. माझ्या अर्विनच्या जिवावर गोष्टी कसल्या रचता? तो माणूस आज उठून तुमची कॉलर धरू शकत नाही म्हणून तुम्हाला ही हिंमत झाली!"

एल्रॉयनं न विचारताच दिवे घालवले आणि सिनेमा पुढे सुरू केला. आता बर्टाचा जबडा हलला की मागच्या रांगा टाळ्या वाजवत होत्या. शेवटी गावकऱ्यांनी मशाली घेऊन कळपाला घेरलं, पाद्र्यानं क्रूस उगारला आणि बर्टा धुळीत मरून पडली. आणि तिच्या खांद्यामागून चार बोटं वर आली, खाजवत खाजवत.

"हात! हात दिसतोय!" पुढची पोरं हसून बेजार झाली.

हुल्डा पुढे वाकली. करंगळी मधूनच मोडलेली, कुंपणाच्या तारेत अडकून. बोटं पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मेलेल्या बर्टानं सुखानं कान हलवला.

"तो अर्विन ग्रोटेचा हात आहे," अंधारात कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं. हुल्डाला वाटलं आपणच बोललो. पण बोलला होता डॅरिल. पोरांचं हसू विरलं.

बाहेर दुपारचं ऊन चटके देत होतं. डॅरिल टोपी हातात घेऊन मोटारीपाशी आला.

"मिस हुल्डा, पुढच्या शनिवारी आठ वाजता... याल ना?"

"आणि पालकांचे फोन?"

"त्यांना मी करतो फोन. आजच."

"आणि पेपरात छापून आणशील. पहिल्या पानावर, त्यानं छापलं तिथेच. अर्विनच्या नावासकट."

"आणतो."

हुल्डानं त्याला वर-खाली न्याहाळलं. हा तोच, ज्याला गुरुवारी 'छे, काहीतरीच काय' एवढे शब्द सुचले नव्हते. तिचा राग गेला नव्हता, आणि तो घालवायची तिला घाईही नव्हती.

"साडेसातला येईन," ती मोटारीत बसत म्हणाली. "तुझ्या मुलीची शेळी आधी बघणार. तिची डावी कूस मी स्वतः चाचपणार आहे, सांगून ठेव घरी."